ठासणीची बंदूक आणि दोन कायदे

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात माझा एक जुना वर्गमित्र राहतो. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या अखेरीस मी त्याच्याकडे गेलो होतो. हरणांच्या शिकारीचा हंगाम दोन दिवसांवर आला होता आणि तो आपल्या गॅरेजात गोळ्या ओतत बसला होता. रायफलने शिकार करणे त्याने कधीच सोडले आहे. तो रिव्हॉल्व्हर घेऊन जंगलात जातो आणि त्यात घरी ओतलेल्याच गोळ्या भरतो. मोटारीच्या चाकांचा तोल साधण्यासाठी लावतात ती शिशाची जुनी वजने त्याने एका लोखंडी भांड्यात वितळवली होती. त्यात थोडे कथील मिसळून, वरची मळी काढून, पळीने तो रस दुहेरी साच्यात सोडत होता. साचा उघडला की चपट्या तोंडाची चकचकीत गोळी जुन्या टॉवेलवर पडे. पुढे तिच्या खाचांत मेण भरायचे. एका संध्याकाळी शंभरेक गोळ्या सहज होतात. हंगामात मात्र त्याला त्यांतल्या एक-दोनच लागतात.

रिव्हॉल्व्हरच का, असे मी विचारले. तो म्हणाला, रायफलने दोनशे पावलांवरून हरीण पाडता येते, पण मग जंगलात शिरायचे कशाला? आखूड नळीच्या हत्याराने मारायचे तर पन्नास पावलांच्या आत जावे लागते, आणि बहुतेक वेळा हरीण आधीच सावध होते. ही हौस मला फारशी भावली नाही, हे मान्य करतो. शिवाय शिशाचे सूक्ष्म कण मांसात मिसळतात. मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या काँडर गिधाडांना विषबाधा होऊ लागल्यामुळे कॅलिफोर्निया राज्याने 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. पण मित्राच्या खिशातल्या परवान्याने मला विचारात पाडले. त्याचे शुल्क राज्याच्या वन्यजीव खात्याला मिळते, आणि बंदुका व काडतुसांवरचा केंद्रीय कर 1937 च्या कायद्याने वन्यजीवांच्या रक्षणासाठीच राखून ठेवलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे पाचेक लाख उरलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज सुमारे 3 कोटी असावीत, असा अंदाज आहे.

वितळलेल्या शिशाचा तो वास पुन्हा आला तो कर्नाटकात, मलनाडमध्ये. तीर्थहळ्ळीच्या अलीकडे सुपारीच्या बागेत राहणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्यांच्या परसात मी बसलो होतो. त्यांच्या वडिलांपासून घरात ठासणीची बंदूक आहे, रीतसर परवान्याची. जाळ्याला लावायच्या शिशाच्या मण्या चुलीवर वितळवून ते लोखंडी साच्यात गोल गोळ्या पाडतात. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, वर गोळी, गजाने ठासायचे आणि मागे केप बसवायची. बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत जनावर डोंगर ओलांडून गेलेले असते. भाताच्या खाचरांत रात्री चितळ येतात, रानडुकरे येतात. एका रात्रीत अर्धे खाचर झोपते.

“गेल्या वर्षी किती मारली?” मी विचारले.

“हवेत मारतो, स्वामी,” ते म्हणाले.

हवेत मारायला गोळी कशाला लागते, हे मी विचारले नाही.

या वृद्धांच्या भिंतीवर टांगलेल्या बंदुकीवर आपले दोन कायदे एकाच वेळी लागू होतात. 1959 चा शस्त्र कायदा ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी करतो आणि पिकांच्या संरक्षणासाठी तिचा परवाना द्यावा असे सांगतो. ती पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. सिंधुदुर्गात ‘शेती संरक्षण’ म्हणून जो परवाना ओळखला जातो, तो हाच. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मात्र हरणाला हात लावू देत नाही. उभ्या पिकाची हानी होत असेल तर वनाधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो, पण जनावर रात्री दोन वाजता येते आणि अर्ज सकाळी अकराला घेतला जातो. म्हणजे शासनाने शेतकऱ्याला बंदूक दिली, आणि ती चालवली की तो गुन्हेगार ठरतो.

1972 चा कायदा चुकीचा होता, असे मी मुळीच म्हणत नाही. त्या वर्षीच्या गणनेत देशात 1,827 वाघ मोजले गेले होते. राजेरजवाडे, साहेब आणि जीपमधून दिवा मारत फिरणारे हौशी शिकारी यांच्यापासून जंगल वाचवायचे होते, आणि ते बऱ्याच अंशी वाचले. शिकारीचा हंगाम भारतात पुन्हा सुरू व्हावा, असेही मला वाटत नाही. पण त्या कायद्याच्या नजरेसमोर जो माणूस होता तो हौसेने मारणारा किंवा कातड्यासाठी मारणारा होता. खाचराच्या बांधावर रात्र जागवणारा माणूस त्यात नव्हता.

तो बंदूक चालवू शकत नाही तेव्हा काय करतो, याकडे आपण पाहत नाही. कुंपणात विजेची तार सोडली जाते, फासे लावले जातात, फळात स्फोटके भरून ठेवली जातात. मे 2020 मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात गाभण हत्तीण असेच फळ तोंडात फुटून जखमी झाली आणि नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. देशभर संताप उसळला, तो योग्यच होता. तथापि ती स्फोटके बहुधा रानडुकरांसाठी होती, ही गोष्ट त्या संतापात बुडून गेली. तार आणि स्फोटके कोण येते ते पाहत नाहीत. बंदुकीमागे निदान एक माणूस असतो.

दुसरे टोक बिहारने 2016 मध्ये दाखवले. केंद्राने नीलगाईला उपद्रवी जाहीर केल्यावर मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या. मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या एकाच मंत्रिमंडळातल्या दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. जावडेकरांचे म्हणणे होते की राज्ये मागतात म्हणून केंद्र परवानगी देते. वाद रंगला, पण गावकऱ्याला त्यात कोणी बोलावले नाही. त्या मानाने केरळने 2022 मध्ये उचललेले पाऊल मला शहाणपणाचे वाटते. रानडुकरांपुरता परवानगीचा अधिकार तिथे पंचायतीच्या प्रमुखाला मिळाला. परवानाधारक नेमबाज पुरेसे नाहीत ही अडचण आहेच. पण निर्णय निदान खाचराच्या जवळ आला. हरणांच्या बाबतीत तोच मार्ग, अधिक कडक मर्यादा घालून, का चोखाळू नये? चितळ अर्धवट जखमी करणाऱ्या घरगुती गोळीपेक्षा, गावाने ठरवलेला आणि वनरक्षकासमोर झाडलेला एक नेमका बार कमी क्रूर आहे.

निघताना मी त्या वृद्धांना बंदूक दाखवण्याची विनंती केली. त्यांनी ती खुंटीवरून काढली. नळीवर गंज होता. 2020 च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या तेव्हा परवान्याची सारी शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचा हुकूम आला होता. भात कापणीला आले होते. त्यांनी बसने जाऊन बंदूक जमा केली, पावती घेतली आणि मतमोजणी होऊन गेल्यावर परत आणली. तोवर खालची दोन खाचरे गेली होती. नुकसानभरपाईचा अर्ज त्यांनी केला होता. त्याचे काय झाले, असे विचारल्यावर ते हसले आणि साच्याच्या डब्यातून आणखी एक पावती काढून माझ्या हातात ठेवली.