सध्या काय वाचतेस?

"आजकालची मुलं वाचत नाहीत" हे वाक्य तुम्ही वर्षातून किती वेळा ऐकता? मी तर गॅदरिंगच्या प्रमुख पाहुण्यांपासून ते गावाकडच्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय. खरं सांगायचं तर आपण दिवसभर वाचतच असतो. मेसेज, नोट्स, पीडीएफ, बातम्या, त्याखालची भांडणं... मग बिघडलंय कुठं? मला वाटतं वाचन कमी झालं असेल-नसेल, पण ते दिसेनासं मात्र नक्की झालंय. एसटीत शेजारच्याच्या हातातल्या पुस्तकाचं नाव मान वाकडी करून वाचता यायचं. आता तोच माणूस मोबाईलवर 'ययाति' वाचतोय की मॅचचा स्कोअर बघतोय, कळायला काही मार्ग नाही. मग त्याला "झालं की मला द्याल का?" असं विचारणार तरी कसं?

छापील पुस्तकाकडे परत वळण्याबद्दल लिहायचं म्हटलं की लोक लगेच कागदाच्या वासावर जातात. तो वास मलाही आवडतो, पण आपण इंजिनीअर होणार आहोत, तेव्हा आधी आकडे बघू. २०१८ साली स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र करून तपासले. वाचणारे सगळे मिळून एक लाख सत्तर हजारांच्या वर. तोच मजकूर कागदावर आणि स्क्रीनवर दिला, तर कागदावर वाचणाऱ्यांना तो थोडा जास्त समजला. फरक फार मोठा नाही, पण आहे. आणि वेळ मोजून दिलेला असेल तर तो वाढतो. गंमत म्हणजे हा फरक माहितीपर मजकुरात दिसला, गोष्टींमध्ये जवळजवळ नाही. म्हणजे कादंबरी खुशाल फोनवर वाचा आणि थर्मोडायनॅमिक्स मात्र छापील घ्या, असा उलटाच निकाल निघाला! परीक्षेच्या आदल्या रात्री पीडीएफ स्क्रोल करणाऱ्यांनी (म्हणजे आपण सगळ्यांनीच) हे लक्षात ठेवावं. नंतर २०१९ च्या एका प्रयोगात ५० जणांना २८ पानांची एक रहस्यकथा दिली, निम्म्यांना कागदावर, निम्म्यांना किंडलवर. गोष्ट सगळ्यांना सारखीच समजली, पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर हे कागदवाल्यांनी जास्त बरोबर सांगितलं. डाव्या हातातली पानं वाढतात, उजव्या हातातली कमी होतात, ते बोटांना कळत असावं असा अंदाज आहे.

म्हणून काही मी स्क्रीनच्या विरोधात नाही हं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. ते जाडजूड खंड होस्टेलच्या लोखंडी कॉटवर कोण ठेवणार? आज विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि एखादी नोंद शोधायला मी तिथंच जाते.

पण विकत घेतलेलं ई-बुक मैत्रिणीला देता येतं का? बहुतेक वेळा नाही. तिथं आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचायचा परवाना घेतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या भानगडीमुळे काही ग्राहकांच्या किंडलवरून विकलेलं पुस्तक परस्पर काढून घेतलं होतं. आणि ते पुस्तक कोणतं, तर जॉर्ज ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर'! (पैसे परत दिले, माफीही मागितली, तो भाग वेगळा.) छापील पुस्तक एकदा घेतलं की ते आपलं. ते आपण शेजारच्या खोलीत देऊ शकतो, ती पुढं कोणाला तरी देते, आणि सहा महिन्यांनी ते कोपरे मुडपून, चहाचा एक डाग घेऊन परत येतं. कधी येतही नाही.

माझ्या बाबतीत या देवाणघेवाणीनेच सगळं घडलं. पहिलीपासून माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. घरी मराठी बोलायचो, पण वाचायचं म्हटलं की इंग्रजी. मराठी हा मार्कांपुरता विषय. जोडाक्षर आलं की गाडी अडायची. फर्स्ट इयरला होस्टेलवर आले तेव्हा विंगमधल्या एका सीनियर ताईच्या कॉटवर व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' पडलेलं होतं. मी नुसतं उचलून बघितलं, तर ती म्हणाली, "ने की! बारीक आहे, भिऊ नकोस." ते पुस्तक तिच्या फोनमध्ये असतं तर हा संवादच झाला नसता. मला ते वाचायला अकरा दिवस लागले. एवढं इंग्रजी पुस्तक मी एका रात्रीत संपवलं असतं. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेल्या एका तरुण मास्तरची ती गोष्ट, १९५५ सालची. माडगूळकरांचं माडगूळ इथं सांगली जिल्ह्यातच, आटपाडी तालुक्यात. ज्या जिल्ह्यात आपण चार वर्षं राहतो त्याच्याबद्दल मला त्या पुस्तकाआधी काय माहीत होतं? भडंग आणि हळद!

अडलेले शब्द मी माझ्या रूममेटला विचारायचे. ती जतकडची. 'वाघर' म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी, हे तिला डिक्शनरी न उघडता माहीत असतं. तिची अडचण माझ्या बरोब्बर उलटी. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आणि इंग्रजी पुस्तक हातात घेतलं की छातीत धडधड. मी तिला माझं ॲगाथा ख्रिस्ती दिलं. आता रात्री लाइट जाईपर्यंत आमचं एकमेकींना शब्द विचारणं चालू असतं.

पुस्तक नजरेसमोर असलं की माणूस वाचतो, ही कल्पना घेऊन आमच्याकडे एक अख्खं गावच उभं आहे. पांचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार. आधी स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. राज्य मराठी विकास संस्थेने तिथं सुरुवातीला सुमारे पंधरा हजार पुस्तकं ठेवली. एखादी मोठी लायब्ररी बांधून त्यात सगळी रचता आली असती, पण तसं केलं नाही. गावातल्या पंचवीसेक ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत, ती वाटून टाकली. एका घरात कविता, दुसऱ्यात कादंबऱ्या, तिसऱ्यात इतिहास, कुठं मुलांची पुस्तकं. भिंतींवर चित्रं काढलेली, त्यावरून आत काय आहे ते कळतं. आपण जायचं, चप्पल काढायची, बसायचं, वाचायचं. पैसे नाहीत. फक्त पुस्तक घरी न्यायचं नाही.

मूळ कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाची. तिथं रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकानं काढली, त्यातलं एक चक्क जुन्या फायर स्टेशनमध्ये. १ एप्रिल १९७७ ला त्याने स्वतःला त्या गावाचा राजा म्हणून जाहीर केलं. तारीख बघा! पण हे-ऑन-वायमध्ये पुस्तकं विकतात आणि भिलारमध्ये ती वाचायची असतात, हा फरक मला मोठा वाटतो. कोणाच्या तरी ओसरीवर बसून पुस्तक वाचताना घरातल्या काकू "चहा घेणार का गं?" विचारतात, तेव्हा लायब्ररीतल्या 'शांतता राखा'च्या पाटीची आठवण येत नाही. एक तक्रार मात्र आहे. बरेच पर्यटक पुस्तक हातात धरून फोटो काढतात आणि निघतात. असो, निदान पुस्तक हातात तरी धरतात.

पुढे ही योजना वाढली तेव्हा सांगली जिल्ह्यातून अंकलखोपची निवड झाली. सातारा-सांगली रेल्वेने येताना भिलवडी स्टेशन लागतं, तिथून हे गाव जवळ. शेजारी कृष्णाकाठचं औदुंबर. कवी सुधांशुंच्या त्या गावात दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं आणि ही परंपरा कित्येक दशकांची आहे. भिलवडीच्या आधीचं मोठं स्टेशन किर्लोस्करवाडी, आणि तिथली गोष्ट तर खास आपल्या लोकांसाठी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला. लोखंडी नांगर, मग पंप, यंत्रं. त्याच कारखान्यातून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केलं. पुढे तेच 'किर्लोस्कर' झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. विचार करा, शॉप फ्लोअरच्या शेजारी छापखाना, आणि तिथून निघालेली मासिकं अख्ख्या महाराष्ट्रातल्या घरांत! आपल्याला मात्र वाटतं की इंजिनीअरिंग आणि साहित्य या दोन वेगळ्या ब्रँच आहेत.

कागदाची वाईट बाजूही सांगायला हवी, आणि ती सांगलीकरांना सांगायची गरज नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. ते पाणी पितात आणि फुगतात. कपाटात दाटीने लावलेली पुस्तकं इतकी फुगतात की बाहेर ओढता येत नाहीत. आर्ट पेपरवर जो गुळगुळीत लेप असतो तो ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना चिकटतात आणि पुस्तकाची वीट होते. दमट हवेत साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. आपल्या विंगमध्ये पावसाळ्यात गॅलरी गळते, म्हणून थोडं उपयोगाचं सांगते. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका. उभं करून, पानं थोडी फाकवून फॅनखाली ठेवा, मधे कोरे टिपकागद घाला आणि ते बदलत राहा. फारच भिजलं असेल आणि लगेच वेळ नसेल, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये. गोठलं की बुरशी थांबते, मग सवडीने वाळवता येतं. मोठ्या ग्रंथालयांतसुद्धा हेच करतात. आपल्याकडे मेसच्या फ्रीजरसाठी परवानगी तेवढी काढावी लागेल!

त्या पुराबद्दल विचार करताना एक गोष्ट मनात येते. त्या आठवड्यात जी पुस्तकं सभासदांनी घरी नेली होती आणि ज्यांच्या घरापर्यंत पाणी पोचलं नाही, ती नक्कीच वाचली असणार. आपल्या भाषेत 'वाचणे' या एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत, ते इंग्रजीतून कधी माझ्या ध्यानात आलं नसतं.

आता आमच्या विंगबद्दल. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही खोल्यांच्या दारांवर एक कागद लावतो. जुन्या जर्नलची पाठकोरी पानं, विकतचं काही नाही. वर लिहायचं 'सध्या काय वाचतेय', खाली पुस्तकाचं नाव, कितव्या पानावर आहे तो आकडा, एखादं वाक्य, आणि नंतर कोणाला हवंय तिचं नाव. स्टार वगैरे द्यायचे नाहीत. पान नंबर लिहिणं सगळ्यात कामाचं ठरलं. आंघोळीला जाता-येता कोणीतरी ओरडतंच, "अजून ८४ वरच?" वाचणं थांबलं असेल तर तसंच लिहायचं, त्याची लाज नाही. एका दारावर तीन आठवडे 'सबमिशन' एवढंच होतं. एका दारावर हॅरी पॉटर, पाचव्यांदा. पण हळूहळू एक झालं. जेवताना मेसमध्ये एक विषय वाढला. साताऱ्यात १ ते ४ जानेवारी २०२६ ला ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, 'पानिपत'वाले विश्वास पाटील अध्यक्ष होते. तिथं जाताना माझ्याकडे दारांवरून गोळा केलेली मागण्यांची यादी होती आणि येताना पाठीवर सॅक फाटेल एवढं ओझं.

रेक्टर मॅडम आणि लायब्ररी स्टाफला एक विनंती. रीडिंग रूममधलं मराठीचं कपाट पाच वाजता बंद होतं, आणि आपली प्रॅक्टिकल्स सुटतात साडेपाचला. किल्ली नाही दिली तरी चालेल, पण आठवड्यातून दोनदा ते रात्री आठपर्यंत उघडं राहील का? नोंदवही सांभाळायला आमच्या विंगमधल्या चौघी तयार आहेत. काचेतून नुसती नावं वाचून कंटाळा आला हो.

माझ्या दारावर आजच्या तारखेला आहे अण्णा भाऊ साठे यांचं 'फकिरा', पान ६१. पुढचा नंबर मेसच्या मावशींचा. त्यांचं माहेर अण्णा भाऊंच्या वाटेगावच्या बाजूचं, आणि परवापासून त्यांनी चपाती वाढताना मला दोनदा विचारलंय, संपलं का म्हणून. त्यांच्यानंतर कोणाला हवं असेल तर कागदावर नाव लिहून जा. पेन दोरीला बांधून ठेवलंय.