पेठेतला ‘ठ’

संपादकांनी एखाद्या यंत्रावर लिहायला सांगितलं होतं. माझ्या डोक्यात मात्र चार दिवस एकच अक्षर घोळत होतं, ठ. पुण्यातल्या वाचनालयांची एक यादी मी एका सर्व्हरवरून उतरवून घेतली होती. तिच्यातल्या पत्त्यांच्या रकान्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ, सगळ्या पेठांचा ठ गेलेला. बाकी अक्षरं जागच्या जागी. ‘पे’ आणि त्यापुढे काळ्या चौकटीत पांढरं प्रश्नचिन्ह. त्याच रकान्यातल्या ‘विठ्ठल मंदिराजवळ’मधला ठ शाबूत होता, ‘ठाकूर वाड्यासमोर’मधलाही. हा ठ शोधत ज्या यंत्रापाशी पोचलो, त्यावरच लिहितो आहे.

यंत्र म्हणजे पायथन भाषेतली ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी. प्रोग्रामला वेबवरून काही मागवायचं असेल, तर ते आणून देणं हे तिचं काम. केनेथ राईट्झ यांनी ती २०११ मध्ये लिहिली आणि ‘माणसांसाठी एचटीटीपी’ हे ब्रीद तिला दिलं. तोवर नाव-पासवर्ड देऊन एक साधं पान मागवायचं तरी पायथनमध्ये तीन-चार वस्तू जुळवत बसावं लागे. रिक्वेस्ट्समुळे ते एका ओळीचं काम झालं. प्रत्यक्ष जोडणी खालच्या थरातली ‘यूआरएललिब-३’ सांभाळते, तिचे कर्ते अँड्री पेट्रोव. २०१९ पासून रिक्वेस्ट्स पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. इतिहास एवढा पुरे.

मला खिळवून ठेवलं ते तिच्याकडून मिळणाऱ्या उत्तराने. मागणी केली की हातात ‘रिस्पॉन्स’ येतो आणि त्याला काय हवं ते विचारता येतं. स्टेटस कोड किती, २०० की ४०४? वाटेत कुठून कुठे पाठवलं गेलं? हेडरमध्ये काय लिहिलंय? (हेडरचं नाव रोमन लिपीत लहान अक्षरांत विचारा की मोठ्या, उत्तर तेच येतं.) किती वेळ लागला हेही तो सांगतो, पण हेडर वाचून होईपर्यंतचाच, त्यापुढे फाइल उतरायला दहा मिनिटं लागली तर ती त्यात धरलेली नसतात. ४०४ आला म्हणून तो आपण होऊन ओरडत नाही, ‘रेज फॉर स्टेटस’ म्हटलं तरच ओरडतो. आणि किती वेळ वाट बघायची हे आपण सांगितलं नाही, तर तो स्वतःहून कसलीही मुदत घालत नाही. नवख्यांनी हे सगळं पहिल्याच दिवशी शिकावं.

आतला ऐवज काढून घ्यायला तीन दारं आहेत. ‘कंटेंट’मधून आले तसे बाइट मिळतात. ‘जेसन’मधून याद्या आणि कोश तयार होऊन येतात. आणि ‘टेक्स्ट’मधून अक्षरं. माझा जीव जडला तो या टेक्स्टवर, आणि घोरही त्याचाच लागला.

बाइट म्हणजे नुसते आकडे. त्यांची अक्षरं करायची तर कोणत्या संकेताने वाचायचं ते ठाऊक हवं. टेक्स्ट त्यासाठी आधी हेडर बघतो. तिथे यूटीएफ-८ म्हटलं असेल तर प्रश्नच नाही. पण सर्व्हरने ‘हा मजकूर आहे’ एवढंच सांगून संकेताचा उल्लेख केला नसेल, तर टेक्स्ट लॅटिन-१ धरून चालतो. हा नियम त्याने मनाने केलेला नाही. १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या मानकात तो लिहिलेलाच होता. २०१४ मध्ये नवं मानक आलं, त्यातून तो वगळला गेला. लायब्ररीत मात्र तो राहिला, २.३२ या आवृत्तीतही आहे.

लॅटिन-१ हा पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला संकेत. त्यात २५६ घरं, बाइटच्या किमतीही २५६, म्हणून कुठलाही बाइट आला तरी त्याला घर मिळतंच. यूटीएफ-८ मध्ये चुकीचा क्रम आला की वाचणारा अडखळतो, निदान कळतं तरी. लॅटिन-१ कधीच अडखळत नाही. चूक झाली हे कुणाला कळायला वावच नाही, आणि मला याचीच भीती वाटते.

‘मराठी’ हाच शब्द घ्या. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट, एकूण पंधरा. ते लॅटिन-१ ने वाचले की प्रत्येक चिन्हाच्या सुरुवातीला डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए येतो, मग बहुतेक वेळा चलनाची एक अनोळखी खूण. फरक पडतो तो तिसऱ्या बाइटने. म च्या जागी वर्तुळातला आर, र च्या जागी अंशाचं चिन्ह, कान्याच्या जागी पाऊण हा अपूर्णांक. आणि ठ च्या जागी काहीच दिसत नाही. तिथे असते कोरी जागा, न तुटणारी स्पेस.

असं असूनही या यंत्राबद्दल मला आदर वाटतो, तो एका गोष्टीमुळे. टेक्स्ट वाचलेलं काहीही साठवून ठेवत नाही. मूळ बाइट कंटेंटमध्ये जसेच्या तसे असतात आणि टेक्स्ट दर वेळी ते नव्याने वाचतो. ‘एन्कोडिंग’ला यूटीएफ-८ म्हणा, पुन्हा टेक्स्ट मागा, तोच रिस्पॉन्स शुद्ध मराठी देतो. आपला अंदाज चुकू शकतो हे धरून मूळ प्रत जपणं, हे मला थोर कारागिरीचं लक्षण वाटतं.

मी ती प्रत जपली नव्हती. टेक्स्टमधून आलेलं घेतलं, पत्त्याच्या रकान्यातल्या पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा ‘स्ट्रिप’ने काढल्या, फाइल साठवली आणि प्रोग्राम बंद केला. पडद्यावरचा गोंधळ नंतर निस्तरू म्हटलं, कारण लॅटिन-१ मधून उलट जाता येतं हे ठाऊक होतं. पण पायथनच्या लेखी न तुटणारी स्पेस हीसुद्धा मोकळी जागाच. पत्त्याच्या शेवटी ठ असला की त्याचा तिसरा बाइट स्ट्रिपने नेला. पत्त्याच्या पोटातले ठ वाचले, पेठांचे गेले.

सर्व्हरवरची मूळ फाइल तोवर काढून टाकली गेली होती. म्हणून उरलेल्या दोन बाइटांवरून माग काढला. त्यांच्यापुढचा जो बाइट स्ट्रिप काढून टाकू शकतो, तो ठ चा किंवा अ चाच असणार, कारण अ चा शेवटचा बाइटही पायथन मोकळ्या जागेतच धरतो. (ओळी पाडणारं ‘स्प्लिटलाइन्स’ तर अ पाशी नवी ओळच सुरू करतं, मी ते वापरलं नव्हतं, नाहीतर अप्पा बळवंत चौक पहिल्याच अक्षराला दुभंगला असता.) पत्त्याच्या शेवटी सुटा अ कुठून येणार? तेव्हा सरसकट ठ घातला. सगळ्या पेठा परत आल्या, दोन विद्यापीठं आणि एक मठही.

अडलं ते शेऱ्यांच्या रकान्यात. तिथे मी शब्दांमधल्या जादा मोकळ्या जागाही एकेक स्पेसवर आणल्या होत्या. त्यामुळे पोटातलेही ठ आणि अ मोडले होते, आणि दोघांच्या जागी आता सारखीच साधी स्पेस होती. प्रोग्रामला ते वेगळे ओळखता येणं शक्य नव्हतं. एकेक शेरा वाचून हाताने ठरवत गेलो. ‘अभ्यासिका’ला अ, ‘बैठक व्यवस्था’ला ठ, ‘संदर्भग्रंथांचा साठा’ला ठ. रात्री उशिरा शेवटची नोंद राहिली. सुरुवातीला दोन काळी प्रश्नचिन्हं, आणि पुढे ‘रा वर्षांखालील मुलांना वर्गणी माफ’.

अठरा.