पाव किलोचा टन

होंडा सिव्हिकची 1991 ची एसआयआर ही आखूड, तीन दारांची हॅचबॅक. वजन जेमतेम साडेदहाशे किलो. बोनेटखाली बी16ए हे 1,595 सीसीचं इंजिन, 7,800 आरपीएमला 170 अश्वशक्ती देणारं, तेही टर्बोशिवाय. असं उत्तम इंजिन जगभरचे हौशी लोक उतरवतात आणि त्या जागी 2001 च्या इंटेग्रा टाइप आरचं के20ए बसवतात. ते 1,998 सीसीचं, 8,000 आरपीएमला 220 अश्वशक्तीचं. कागदावर फरक दिसतो पन्नास घोड्यांचा. पण त्या पन्नास घोड्यांपायी गाडीच्या पोटात काय काय सोसलं जातं, ते मोजायला बसलं की डोकं गरगरतं.

8,000 आरपीएम म्हणजे क्रँकच्या सेकंदाला 133 फेऱ्या. के20ए मध्ये पिस्टन 86 मिलिमीटर खाली जातो आणि तेवढाच वर येतो. सेकंदभरात त्याची चाल होते सुमारे 23 मीटर, म्हणजे ताशी ऐंशीहून थोडे जास्त किलोमीटर. हा वेग हायवेवर एसटीही गाठते. पण एसटी एकदा वेगात आली की धावत राहते. पिस्टनला दर 86 मिलिमीटरला पूर्ण थांबावं लागतं, उलटं वळावं लागतं आणि पुन्हा वेग घ्यावा लागतो. असं सेकंदाला 267 वेळा.

या वळण्यात सगळ्यात कठीण क्षण वरच्या टोकाचा. तिथे पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चार हजार पट होतं. त्याचा अर्थ असा की पाव किलो धातू त्या क्षणी एक टन वजनाची ओढ देतो. म्हणजे वाण्याकडच्या साखरेच्या पुडीएवढ्या वस्तूत अख्ख्या सिव्हिकचं वजन उतरतं. ही ओढ पेलतो तो कनेक्टिंग रॉड आणि त्याला क्रँकशी जखडणारे दोन बोल्ट. बोटाहूनही बारीक बोल्ट. शिवाय ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. कुणी हौसेने मर्यादा दहा टक्के वर नेली, तर बोल्टवरचा ताण एकवीस टक्क्यांनी चढतो. मला विचाराल तर इंजिनातला सगळ्यात आदरणीय भाग तो बोल्टच.

आता श्वासाकडे येऊ. दोन लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. म्हणजे 8,000 आरपीएमला मिनिटाला आठ हजार लिटर हवा. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. चार बोटं रुंद नळीतून हे इंजिन हजारभर माणसांचा श्वास ओढत असतं. आणि प्रत्येक सिलिंडरला एक श्वास भरून घ्यायला पिस्टन खाली जाईपर्यंतचा वेळ मिळतो, चार मिलिसेकंदांहूनही कमी.

त्या हवेला पेट्रोल लागतं मिनिटाला साधारण लिटरभर. त्यातून सुटणारी उष्णता साडेपाचशे किलोवॉटच्या वर जाते, आणि चाकांच्या दिशेने निघतात जेमतेम 162 किलोवॉट. उरलेले चारशे किलोवॉट नुसती उष्णता. घरातला गीझर दोन किलोवॉटचा धरला तर दोनशे गीझर एकाच वेळी चालू. बरीचशी उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते, पण मोठा वाटा रेडिएटरच्या गळ्यात पडतो. इंजिन बदलताना रेडिएटर बदलायचा कंटाळा करणाऱ्याची गाडी पहिल्याच उन्हाळ्यात वाफ सोडते.

हे इंजिन जुन्या जागी नुसतं सोडूनही भागत नाही. बी16ए फिरतं एका दिशेला, के20ए त्याच्या नेमकं उलट. जुन्याचा एक्झॉस्ट गाडीच्या पुढच्या अंगाला, नव्याचा मागे, केबिनच्या भिंतीकडे. त्यामुळे माउंटिंग नवी, ड्राइव्हशाफ्ट नवे, वायरिंग नवं. आणि माउंटिंग म्हणजे इंजिन टेकवायची साधी पट्टी नव्हे. के20ए चा 206 न्यूटन-मीटरचा टॉर्क त्याच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरमधून आणि फायनल ड्राइव्हमधून जाताना साडेपंधरा पट होतो. चाकांशी पोचतात सुमारे 3,200 न्यूटन-मीटर. मीटरभर लांब पहारीच्या टोकाला सव्वातीनशे किलो टांगावेत, तेवढा पीळ. चाकं पुढे फिरली की तेवढाच पीळ इंजिनाला उलट दिशेने उखडू पाहतो, आणि त्याला धरून ठेवतात रबराचे तीन-चार गट्टू.

तोच पीळ टायरच्या कडेला अकराशे किलोंचा जोर होतो. पण पुढच्या दोन चाकांवर गाडीचा भार असतो साडेसहाशे किलोंच्या आसपास, आणि चांगला टायरही डोक्यावरच्या भाराहून फारसा जास्त जोर रस्त्याला देऊ शकत नाही. रस्त्याला टेकलेली जागा तरी केवढी? एका चाकाला एक पंजा. म्हणून पहिल्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की चाकं जागीच गरगर फिरतात.

एवढं करून कमाल वेग किती वाढतो? हवेला ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. 170 चे 220 घोडे झाले, म्हणजे तीस टक्के वाढ, तरी वेग वाढतो फक्त नऊ टक्के. हा नियम किती निष्ठुर आहे, ते पाहायला फोक्सवॅगन गोल्फ पुरे. 1976 ची पहिली गोल्फ जीटीआय 110 अश्वशक्तीची, ताशी 182 किलोमीटरची. मे 2007 मध्ये ऑस्ट्रियात वोर्थरझे तलावाकाठी फोक्सवॅगनने जीटीआयचीच एक राक्षसी आवृत्ती दाखवली. मागची सीट काढून तिथे बेंटलीत बसणारं सहा लिटरचं, बारा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन, 650 अश्वशक्तीचं. शक्ती जवळपास सहापट. सांगितलेला कमाल वेग ताशी 325. घनाच्या नियमाने 182 वरून हिशेब मांडला तर उत्तर येतं 329. मधल्या एकतीस वर्षांत बॉडी बदलली, आकार वाढला, टायर रुंदावले, तरी आकडा जाऊन बसतो तिथेच. मी तो हिशेब तीनदा करून पाहिला.

आणि मग थांबणं. प्रवाशासह अकराशे किलोंची सिव्हिक ताशी 200 वर असेल, तर तिच्यात असलेली गतिज ऊर्जा पाच लिटर गार पाणी उकळायला पुरते. ती सगळी ब्रेकच्या चकत्यांत सहा सेकंदांच्या आत उष्णता होऊन जायला हवी. पेडल पूर्ण दाबल्याच्या पहिल्या क्षणी ते ब्रेक आठशे अश्वशक्तीच्या दराने ऊर्जा गिळत असतात, इंजिनाच्या जवळपास चौपट. आपल्याकडे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाहून वेगळी गाडी रस्त्यावर आणायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. हौशी लोकांना तो निकाल जाचतो. मला मात्र हे ब्रेकचे आकडे मांडल्यावर तो पटतो. अशी गाडी ट्रॅकवर शोभते.

ट्रॅकच्या कडेला उभं राहून तिचा आवाज ऐकावा. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. जुनं बी16ए 7,800 आरपीएमला सेकंदाला 260 स्फोट करायचं. पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी एक वाजते सुमारे 262 कंपनांवर, म्हणजे ते इंजिन ऐन भरात आलं की जवळजवळ पांढरी एकचा सा लावायचं. के20ए 8,000 ला लावतं 267. रेडिएटर, माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट, वायरिंग, सगळं बदलून झालं, पन्नास घोडे वाढले, आणि सूर चढला पांढरी एक ते काळी एक या अंतराच्या निम्म्याहून कमी.