चार रात्रींचे अंदमान

मुंबईहून अंदमानला जाणाऱ्या प्रवाशाने बेत आखताना पैशाच्या हिशेबाआधी सूर्याचा हिशेब मांडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. भारतभर एकच प्रमाणवेळ चालते आणि ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे. मुंबई या रेखांशाच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेस, तर पोर्ट ब्लेअर जवळजवळ तितकेच पूर्वेस. आणि पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागत असल्यामुळे या दोन शहरांच्या सूर्यास्तांत केवळ रेखांशापायीच सुमारे ८० मिनिटांचे अंतर पडते. नाताळच्या सुमारास मुंबईत सहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, पोर्ट ब्लेअरला तो पाचच्या आसपासच क्षितिजाला टेकतो, आणि पहाटे साडेपाचला तेथे चांगले उजाडलेले असते. एवढा खर्च करून समुद्रापार गेलेला मनुष्य घरच्या सवयीने आठला उठून, दहाला न्याहारी आटोपून, दुपारच्या वामकुक्षीनंतर चारला बाहेर पडू लागला, तर त्याच्या वाट्याला संध्याकाळचा जेमतेम एक तास येतो. म्हणून अंदमानचा दिवस पहाटे सुरू करावा आणि सायंकाळी लवकर संपवावा. छोट्या प्रवासात ही एकच शिस्त पाळली तरी पदरी जवळजवळ एक दिवस अधिक पडतो.

चेन्नई आणि कोलकाता या दोन्ही शहरांपासून हा द्वीपसमूह हवाईमार्गाने साधारण १३०० ते १४०० किलोमीटरांवर, बंगालच्या उपसागरात पसरलेला आहे. या बंदरांतून अथवा विशाखापट्टणमहून जहाजाने जाता येते. परंतु त्याला एकेका दिशेने अडीच-तीन दिवस लागत असल्यामुळे ज्याची रजा आठवड्याहून कमी मुदतीची आहे त्याला विमानावाचून गत्यंतर नाही. चेन्नईहून विमान सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचते. महाराष्ट्रातल्या प्रवाशाला बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूर येथे विमान बदलावे लागते, आणि पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमाने सकाळ-दुपारच्या वेळातच ये-जा करीत असल्यामुळे घरून मध्यरात्री निघण्याची तयारी तरी ठेवावी, नाही तर वाटेत एक रात्र मुक्काम तरी करावा. अशा वेळी दोन्ही टप्प्यांची तिकिटे एकाच आरक्षणाखाली काढणे शहाणपणाचे. कारण पहिले विमान उशिरा सुटून दुसरे हुकले, तर एकाच आरक्षणाच्या प्रवाशाची पुढील रवानगी करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, आणि स्वस्त मिळाली म्हणून दोन निरनिराळी तिकिटे घेणाऱ्याला मात्र दुसऱ्या तिकिटाचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.

येथे नावांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण नवख्या प्रवाशाचा त्यांपायी गोंधळ उडतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजय पुरम असे झाले आहे. जुने नाव आर्चिबाल्ड ब्लेअर या मुंबईच्या आरमारातील अधिकाऱ्याचे होते, ज्याने १७८९ साली येथे पहिली वसाहत उभारली. २०१८ च्या डिसेंबरमध्ये हॅवलॉक बेटाचे स्वराज द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामांतर झाले. १९४३ च्या ३० डिसेंबरला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला राष्ट्रध्वज फडकविला होता, त्या घटनेचे ते पंचाहत्तरावे वर्ष होते. आरक्षणाच्या कागदांत आणि लोकांच्या बोलण्यात जुनी-नवी दोन्ही नावे आढळतात, म्हणून दोन्ही ध्यानात ठेवावीत.

आता मुख्य गोष्ट. असला बेत नेहमी परतीच्या विमानापासून उलट दिशेने मांडावा. बेटाबेटांमधील वाहतूक नौकांवर अवलंबून आहे, आणि समुद्र खवळला किंवा बंदरावर वादळाचा इशारा लागला की नौका तहकूब होतात. त्यावर ना आपली ओळख चालते ना आपला पैसा. तेव्हा ज्या दिवशी विमान पकडायचे त्याच दिवशी सकाळी स्वराज द्वीपाहून परतण्याची योजना, तिकिटे जुळत असली तरी, करू नये. परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी. हे एकदा निश्चित केले की उरलेली रचना सोपी होते: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मधल्या दोन रात्री स्वराज द्वीप, चौथी पुन्हा पोर्ट ब्लेअर, आणि पाचव्या दिवशी विमान. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत याच चार रात्रींत शहीद द्वीप, बाराटांग आणि आणखी दोन-तीन छोटी बेटे कोंबलेली असतात. तशा प्रवासात मनुष्य बेटांपेक्षा धक्केच अधिक पाहतो. रांगेत उभे राहणे, सामान चढविणे, सामान उतरविणे यांत तो मोलाचा उजेड खर्ची पडतो. एक बेट निवडावे आणि त्यावर दोन रात्री काढाव्यात.

नौकांचे दोन प्रकार आहेत. सरकारी नौका स्वस्त आणि संथ; तिच्या उघड्या डेकवर उभे राहून जाण्याची मुभा असते, आणि स्थानिक लोक आपली भाजी, कोंबड्या, पोरेबाळे घेऊन तिनेच ये-जा करतात. खाजगी नौका महाग, वातानुकूलित आणि वेगवान. स्वराज द्वीपाला ती दीड तासाच्या आसपास पोहोचविते. वेळ थोडा असेल तर जाताना खाजगी नौका घ्यावी. परंतु येताना सरकारी नौकेत जागा मिळाली तर ती सोडू नये, कारण डेकवरून दिसणारा समुद्र काचेआडून दिसत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी औषध नौकेत बसण्यापूर्वी घ्यावे. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा गुण क्वचितच येतो.

स्वराज द्वीपावरची वस्ती मुख्यत्वे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर ही गावांची नावेच त्यांची आठवण देतात. पश्चिमेकडील राधानगरचा किनारा पांढऱ्या वाळूचा, रुंद, आणि मागे महुआच्या उंच वृक्षांची भिंत असलेला. तो सूर्यास्ताचा किनारा आहे, तेथे साडेतीनच्या आत पोहोचावे. पूर्वेकडील काळापत्थर सूर्योदयाचा, आणि तेथे पोहोचायचे तर पहाटे पाचलाच निघाले पाहिजे. याहून सूक्ष्म गोष्ट भरती-ओहोटीची. पोवळ्यांचे खडक असलेल्या उथळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पोहता येत नाही, तर शहीद द्वीपावरच्या नैसर्गिक खडकाच्या कमानीकडे मात्र ओहोटीतच चालत जाता येते. म्हणून जाण्यापूर्वी त्या दिवसांचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठेवावे. कोकणातल्या वाचकाला हे सांगण्याची गरज नाही, देशावरच्याला आहे. काही खाड्यांत व किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असल्याने, तसा फलक जेथे दिसेल तेथे पाण्यात पाऊलही घालू नये.

पाण्याखालचे जग पाहण्यासाठी जे जातात त्यांनी विमानाचा आणि बुडीचा संबंध नीट समजून घेतला पाहिजे. हवेची टाकी पाठीला बांधून खोल उतरलेल्या माणसाच्या रक्तात व शरीराच्या पेशीजालात, वाढलेल्या दाबामुळे नत्रवायू अधिक प्रमाणात विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो, आणि तो पुरता बाहेर पडण्यापूर्वी मनुष्य विमानात बसला, तर तेथील कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार संभवतात. बुडी आणि उड्डाण यांत १८ ते २४ तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला याच कारणासाठी दिला जातो. वर सांगितलेल्या बेतात बुडीचा दिवस तिसरा धरावा, म्हणजे हे अंतर सहज राखले जाते. चित्रांतले पोवळ्यांचे रंग जसेच्या तसे दिसतील अशी अपेक्षा मात्र बाळगू नये. १९९८ आणि २०१० साली समुद्राचे पाणी तापल्यामुळे येथील पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली, आणि पोवळ्याची वाढ अतिशय मंद असते.

ऋतूविषयी थोडक्यात: नैर्ऋत्य मोसमी वारे येथे मे महिन्याच्या उत्तरार्धातच, म्हणजे आपल्याकडे पाऊस सुरू होण्याच्या कितीतरी आधी, दाखल होतात, आणि पुढे ईशान्य वाऱ्यांचाही पाऊस पडतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा उपसागरातील चक्रीवादळांचा काळ. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत समुद्र सर्वांत शांत असतो, आणि शाळांच्या सुट्ट्या नसल्यामुळे नाताळाच्या मानाने गर्दीही कमी.

भारतीय नागरिकाला या बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही. ओळखीचा दस्तऐवज मात्र नौकेवर आणि मुक्कामी मागितला जातो. निकोबार आणि आदिवासींची राखीव क्षेत्रे यांना ही मोकळीक नाही. किनाऱ्यावरून उचललेली पोवळी आणि अनेक जातींचे शंख बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा असून परतताना विमानतळावर सामानाची तपासणी होते. मुलांना हे आधीच समजावून सांगावे.

बाराटांगविषयी माझे मत स्पष्ट आहे. तेथील चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी पाहण्यासाठी अंदमान ट्रंक रोडवरून, जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून, जिरकाटांगच्या नाक्यापासून पहाऱ्यातल्या वाहनांच्या तांड्यातून जावे लागते. जारवांची संख्या काही शेकड्यांतच. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांनी बाहेरच्यांशी संबंध ठेवला नव्हता, आणि संबंध आल्याबरोबर गोवराची साथ त्यांच्यात शिरली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रस्त्याचा अरण्यातला भाग बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे, खाऊ देणे हे सारे दंडनीय आहे. पण कायदा पाळूनही, खिडकीला डोळे लावून माणसांची वाट पाहणाऱ्या प्रवाशांच्या त्या रांगेत आपण बसावे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा. मी तेथे जाऊ नका असेच सांगेन. त्या सहलीला मध्यरात्रीनंतर निघून सबंध दिवस जातो. तो दिवस पोर्ट ब्लेअरला द्यावा.

आणि पोर्ट ब्लेअरमध्ये तो सेल्युलर जेलला द्यावा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या कारागृहाच्या सात इमारती मध्यवर्ती मनोऱ्यापासून किरणांप्रमाणे निघत होत्या, आणि एका इमारतीची दर्शनी बाजू दुसरीच्या पाठीकडे केलेली असल्यामुळे कोणाही बंद्याला दुसऱ्या बंद्याचे तोंड दिसू नये, अशी ती योजना होती. सुमारे सातशे कोठड्या, आणि प्रत्येक कोठडीत एकच मनुष्य. आज सातांपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. मराठी माणूस येथे येतो तो बहुधा वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीसाठी. १९११ च्या जुलैमध्ये विनायक दामोदर सावरकर या बंदिवासात आले तेव्हा त्यांचे थोरले बंधू गणेशपंत आधीच येथे होते, आणि पुढील दहा वर्षांची हकीकत 'माझी जन्मठेप' या ग्रंथात नमूद आहे. तो ग्रंथ जाण्यापूर्वी वाचावा, म्हणजे अंगणातला कोलू पाहताना दिवसाला तीस पौंड तेल गाळण्याचा हुकूम म्हणजे काय, ते कळते. पण त्या एका कोठडीपाशी नमस्कार करून परत फिरू नये. क्रांतिकारक बारींद्रकुमार घोष आणि उल्हासकर दत्त येथेच होते. १९३३ च्या अन्नसत्याग्रहात महावीर सिंग, मोहित मोइत्र आणि मोहनकिशोर नमोदास यांनी येथे प्राण सोडले. मनोऱ्यातील शिलांवर बंद्यांची नावे प्रांतवार कोरलेली आहेत. ती उभ्याने, सावकाश वाचावीत.

१९७९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालेली ही वास्तू राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी बंद असते. प्रजासत्ताकदिनाला जोडून चार दिवसांची रजा काढणाऱ्यांनी विमानाचे तिकीट घेण्यापूर्वी दिनदर्शिका उघडून आपला पोर्ट ब्लेअरचा मोकळा दिवस २६ जानेवारीस येत नाही ना, याची खातरजमा करून घ्यावी.