ऐकणाऱ्याचं दुखणं

2004 साली लंडनमध्ये तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी 16 जोडप्यांवर एक प्रयोग केला. बाई मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रात, जोडीदार शेजारी. विजेचा झटका कधी तिच्या हाताला, कधी त्याच्या. झटका त्याला बसला, तेव्हा तिच्या मेंदूतला ‘कुठे दुखलं’ याची नोंद घेणारा भाग गप्प राहिला; पण दुखण्याने कळवळणारा भाग, स्वतःला झटका बसल्यावर होतो तसाच, जागा झाला! ‘जीव कळवळला’ असं आपल्याकडे म्हणतात ते किती खरं आहे!

आता, अत्याचार सोसलेल्यांचं रोज ऐकणारी नवी समुपदेशिका डोळ्यांपुढे आणा. तिच्या अंगाला कोणी बोटही लावलेलं नाही. तरी परक्या घरातली मारहाण तिच्या स्वप्नात येते, रिक्षात बसताना छाती धडधडते. लिसा मॅकॅन आणि लॉरी ॲन पर्लमन यांनी 1990 मध्ये या आघाताला नाव दिलं. आपण त्याला परोक्ष आघात म्हणू. थकवा झोपेने जातो. इथे ‘जग सुरक्षित आहे, माणसं भरवशाची आहेत’ हा विश्वासच डळमळतो. अमेरिकी मानसोपचाराच्या 2013 च्या निदानपुस्तिकेनेही मान्य केलं, की कामाचा भाग म्हणून असे भीषण तपशील वारंवार समोर आले, तर तोही आघातच ठरू शकतो.

पर्लमन यांनी 1995 मध्ये 188 उपचारकांची पाहणी केली. सर्वाधिक त्रास होता तो या कामात नव्या आलेल्यांना, त्यातही ज्यांच्या स्वतःच्या आयुष्यात जुनी जखम होती त्यांना.

मग काळीज घट्ट करायचं का? मुळीच नाही. सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी पुढे पाहिलं, की दुसऱ्याच्या वेदनेशी एकरूप व्हायला शिकवलं तेव्हा माणसं खचली. त्याच माणसांना करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं मनापासून चिंतण्याचा सराव दिला, तेव्हा ती सावरली. मेंदूतलं जाळंही वेगळंच पेटलं. सहवेदना आणि करुणा यांच्या वाटा डोक्यातही निराळ्या आहेत, हे मला फार विलक्षण वाटतं.

आणि कोलंबियातल्या बोगोटा शहरातलं संशोधन तर थक्क करणारं आहे. राजकीय हिंसेतून वाचलेल्यांबरोबर काम करणाऱ्या उपचारकांना त्या माणसांची उभारीही लागली होती, असं तिथल्या मुलाखतींतून 2007 मध्ये पुढे आलं.

पण ती उभारी हाती लागेपर्यंत नवखीने टिकायला हवं. संस्थांनो, तिला रुजू करून घेता त्याच दिवशी तिचं ऐकून घेणारं एक अनुभवी माणूसही नेमून द्या.