उदास गाणी दुखावलेल्या मनाला का हवीशी वाटतात?

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते हे गाव लागते. जुलैत या भागात एकदा पाऊस लागला की दिवसचे दिवस उघडत नाही. २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास महाड शहरही पुरात बुडाले होते. अशा आघातानंतर पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर वाजणारी सर ऐकूनसुद्धा छातीत धडधडते, झोप उडते. ही भित्रेपणाची खूण नव्हे. धोक्याची आठवण शरीर जपून ठेवते, त्याचा हा परिणाम असतो.

अशा रात्री मनाला आधार काय देते? कोकणात उत्तरकार्याच्या आधी घरी भजन बसते. तरुण मुले कानाला हेडफोन लावतात आणि बहुतेक वेळा संथ, उदास गाणीच निवडतात.

संगीताचा आणि मदतीचा संबंधही जुना आहे. एखादे संकट आले की अनेक कलाकार एकेक गाणे देतात, त्यांचा संग्रह निघतो आणि विक्रीचे पैसे मदतकार्याला जातात. मोठ्या कंपन्यांवर अवलंबून न राहता गाणाऱ्या, म्हणजे ‘इंडी’ कलाकारांमध्ये ही पद्धत चांगलीच रुळली आहे. त्यातले काही संग्रह मुद्दाम संथ आणि विषण्ण गाण्यांचे असतात. खरे तर दुःखात उमेद देणारी, उडती गाणी हवीत असे आपल्याला वाटते. मग ही उदास गाणी कशाला?

लय मंदावते, श्वासही मंदावतो

इटलीतील संशोधकांनी २००६ मध्ये २४ तरुणांना वेगवेगळ्या प्रकारचे संगीत ऐकवले. त्यात रागसंगीतही होते. जलद लयीत श्वासाचा वेग, नाडी आणि रक्तदाब वाढला. संथ संगीताचा परिणाम शांतवणारा दिसला. गंमत म्हणजे सर्वाधिक विश्रांती मिळाली ती मध्येच दिलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत!

मनाचे काय होते, याबद्दल २०१४ मध्ये ७७२ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. उदास संगीत ऐकताना केवळ दुःखच वाटते असे नाही, हे त्यातून दिसले. गतकाळाची हुरहूर, शांतता, माया अशा भावनाही लोकांनी सांगितल्या. गाण्यातले दुःख आपले काही हिरावून घेत नाही. शिवाय, आपल्याला जे बोलता येत नाही ते दुसऱ्या कुणाला कळले आहे, असा दिलासा त्यातून मिळतो.

आपल्याकडे ही जाण जुनीच आहे. ‘मेघदूत’ हे विरहकाव्य कालिदासाने ज्या वृत्तात रचले, त्याचे नाव मंदाक्रांता, म्हणजे हळू पावले टाकणारी. त्या काव्याचा मराठी अनुवाद करणाऱ्यांमध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्यांचा जन्म १८९६ मध्ये नाते येथेच झाला.

गाण्यातून औषधापर्यंत

मदतीसाठीच्या संगीताचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९७१ चे आहे. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते आणि छावण्यांमध्ये कॉलरा पसरला होता. पंडित रविशंकर यांनी आपले मित्र जॉर्ज हॅरिसन यांना साद घातली आणि १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये ‘कन्सर्ट फॉर बांगलादेश’ झाला. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. त्याच वर्षी बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण तिथे चार टक्क्यांच्या खाली आले. छावणीत अशा स्वस्त, साध्या वस्तूंचीच गरज असते आणि मदतनिधीतून त्या पोहोचवता येतात.

या कार्यक्रमाने एक धडाही दिला. मदतसंस्थेची नोंद आधी झालेली नसल्याने ध्वनिमुद्रिकेचे पैसे अनेक वर्षे कराच्या चौकशीत अडकून पडले. म्हणून दान देताना संस्थेची नोंदणी आणि हिशेब पाहावा. भावनेच्या भरात घाई करू नये.

कधी सावध व्हावे?

गाणे ऐकून रडू आले आणि नंतर हलके वाटले, तर काळजीचे कारण नाही. अशा वेळी ‘रडतोस काय, काहीतरी आनंदी लाव’ असे म्हणू नये. पण तेच गाणे रात्रभर पुन्हा पुन्हा लावून मन तेच दुःख उगाळत बसले आणि ऐकल्यावर अधिकच खचल्यासारखे वाटू लागले, तर ते गाणे थांबवावे. नैराश्याच्या रुग्णांत असे उगाळणे सहज घडते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली, कशातच रस वाटेना, कामावर जावेसे वाटेना, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नये. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क बोलता येते, मराठीतही.

बाकीच्यांनी उदास गाणी जरूर ऐकावीत. शक्य तर एकट्याने नको, कुणाच्या तरी सोबत. गाणे संपल्यावर लगेच दुसरे लावू नये, दोन मिनिटे शांत बसावे. आणि शेजारच्या घरात पाऊस पडताना कुणी जागे राहत असेल, तर त्याच्याकडे जाऊन बसावे. भजनाला जमणारी माणसे पिढ्यानपिढ्या हेच करत आली आहेत.