पावसाची बेरीज आणि शून्याची जागा

पर्जन्यमापकात साठलेले पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि ओतून देतात. वहीतील बेरीज मात्र ओतून देत नाहीत. ती वाढत जाते. संगणकाच्या भाषेतील ‘फॉर लूप’ समजावण्यासाठी मावळातील शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण आम्हाला सुचत नाही.

समजा, लोणावळ्यातील पाच दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये ४०, ११२, ०, ६५ आणि ८३ आहे (आकडे उदाहरणापुरते). पायथन भाषेत त्याची बेरीज अशी होईल :

नोंदी = [४०, ११२, ०, ६५, ८३]
एकूण = ०
फॉर पाऊस इन नोंदी:
    एकूण = एकूण + पाऊस
प्रिंट(एकूण)

(प्रत्यक्ष टाइप करताना अंक आणि फॉर, इन, प्रिंट हे शब्द रोमन लिपीत हवेत. ‘नोंदी’, ‘एकूण’ ही नावे मात्र देवनागरीतही चालतात. २००८ साली आलेल्या पायथन-३ पासूनची ही सोय.)

तिसरी ओळ सांगते : नोंदींतील एकेक आकडा क्रमाने घे, त्याला ‘पाऊस’ म्हण आणि खालचे काम कर. ते काम कोणते, हे आत सरकवून लिहिलेल्या ओळीवरून कळते. ‘एकूण = एकूण + पाऊस’ पाहून मुले बिचकतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. बीजगणितात असे लिहिले तर पाऊस कायम शून्यच ठरेल! इथे मात्र ते समीकरण नाही, आज्ञा आहे : उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या नावाखाली ठेव. त्यामुळे ‘एकूण’ ४०, १५२, १५२, २१७, ३०० अशी बदलत जाते.

‘एकूण = ०’ ही ओळ लूपच्या आत गेली तर? वही रोज कोरी होईल आणि उत्तर ८३ येईल. संगणक तक्रार करणार नाही.

खरी कसोटी एका लूपमध्ये दुसरा येतो तेव्हा लागते. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या गावांसाठी बाहेरचा लूप, दिवसांसाठी आतला. आता शून्य गावांच्या लूपच्या आत, पण दिवसांच्या लूपच्या बाहेर हवे. ते दोन्हींच्या बाहेर राहिले, तर लोणावळ्याचा पाऊस कामशेतच्या खात्यात जाईल, दोघांचा मिळून वडगावच्या, आणि सर्वांत जास्त पाऊस तळेगावात दिसेल. वास्तविक अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना बराचसा पाऊस घाटमाथ्यावर पाडतात. पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. मावळातील मुलाला ते उत्तर आज्ञावली न वाचताच खटकेल.

हे सारे फळ्यावरही करता येते. ‘गाव’, ‘दिवस’, ‘पाऊस’, ‘एकूण’ असे चार रकाने आखावेत आणि एका विद्यार्थ्याला संगणक करावे. आज्ञेबाहेर त्याने काहीही करायचे नाही. शून्याची ओळ तीन निरनिराळ्या जागी ठेवून तक्ता तीनदा भरून घ्यावा, आणि कोणता तक्ता खरा, हे बाकीच्या वर्गाला विचारावे.